बसवनगुडीचे पानक



बंगळूरला पोस्टिंग असताना एका रामनवमीला बसवनगुडीत गेलो होतो. रस्त्याकडेच्या मांडवात एका आजोबांनी पानकाचा पेला हातात दिला. पैसे विचारले, तर नुसते हसले. गूळ, लिंबू, सुंठ, वेलची. सोबत मूगडाळीची कोसंबरी. मला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातली आईची कैरीची डाळ आणि पन्हेच आठवले. 'पन्हे' हा शब्दही 'पानक'वरूनच आलेला.

हे शहर आपल्याला परके नाही. 1638 मध्ये ते विजापूरकरांनी जिंकले आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळाले. बसवनगुडी मात्र नंतरची. 1898 च्या प्लेगनंतर, जुन्या पेठेतली दाटी कमी करायला वसवलेली. नाव तिथल्या नंदीच्या देवळावरून. साथीच्या भीतीतून उभ्या राहिलेल्या वस्तीत मी अनोळखी हातचा पेला निर्धास्त प्यालो.

1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा घातलेले पाणी पाजून माणसे वाचवली. गोडाबरोबर आतडे मीठ आणि पाणी लवकर शोषते, एवढेच त्यामागचे गमक.

म्हणून मे महिन्यात आमच्या लंगरात मी पानक करवले, वर चिमूटभर मीठ. आदल्या आठवड्यात रूट मार्चला एक पोरगा कोसळला होता. पहिला पेला त्यालाच दिला.

जय हिंद!