बेलवाडीचे रिंगण आणि गतीची गोष्ट

मंडळी, आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढे निघाली, की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. आणि इंदापूर तालुक्यात शिरल्यावर बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, आणि मग अश्व सुटतात. टापांखालची माती कपाळी लावायला एकच झुंबड उडते.

आता एक प्रश्न विचारतो. अश्व एका लयीत फेरी मारू लागला, त्याची धाव ना वाढते ना घटते. अशा वेळी त्याच्या गतीत काही बदल होत असतो काय? ‘छे हो, बदल कसला?’ असेच कोणीही म्हणेल. मोठमोठे विद्वानही शेकडो वर्षे असेच समजत होते, आणि ती समजूत चुकीची होती. ती चूक कशी उमगली, तेवढेच येथे सांगायचे आहे.

आधी तीन शब्द नीट पारखून घेऊ. बोलताना आपण चाल आणि वेग एकच मानतो. शास्त्रात तसे नाही. इंदापूर हे बारामतीच्या पूर्वेला. समजा, एक एस.टी. ताशी ४० किलोमीटरने इंदापूरकडे चालली आहे आणि दुसरी तितक्याच झपाट्याने बारामतीकडे येत आहे. दोघींची चाल सारखी. पण वेग निराळा, कारण दिशा उलट. चाल म्हणजे नुसते किती. वेग म्हणजे किती आणि कुणीकडे. हा वेग ज्या प्रमाणात बदलतो, ते त्वरण. गाडी झपाटा वाढवते तेव्हा त्वरण असते, ब्रेक लावते तेव्हाही असते. आणि चाल तीच ठेवून नुसती वळते, तेव्हासुद्धा असते. यातला तिसरा प्रकार माणसाच्या ध्यानी फार उशिरा आला.

ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल म्हणे, वर्तुळात फिरणे हा आकाशातल्या गोलांचा स्वभावच आहे. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. चंद्राची गती दिवसभर एकसारखी नसते, म्हणून त्या त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक गती काढली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. केवढी सूक्ष्म दृष्टी! पुढे इटलीत गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडले, भांड्यातून गळणारे पाणी तोलून काळ मोजला, आणि पडत्या वस्तूची चाल काळाच्या प्रमाणात वाढत जाते हे दाखवले. त्याचा हा ग्रंथ १६३८ चा. पण वर्तुळगतीला त्यानेही स्वाभाविकच मानले.

पुढचे पाऊल टाकायला कामी आली ती गोफण. होय, ज्वारीवरची पाखरे हाकायला माळ्यावर उभे राहून आपण फिरवतो तीच. फ्रान्सच्या देकार्तने १६४४ साली तिचाच दाखला दिला. गोफणीतला दगड सुटला की कुठे जातो बरे? गोल फिरत राहत नाही, आणि हातापासून थेट बाहेरही जात नाही. सुटत्या क्षणी त्याचे तोंड जिकडे, तिकडे तो सरळ निघतो. म्हणजे दगडाची ओढ सरळ जाण्याची. त्याला क्षणोक्षणी वळवते ती दोरी. दोरी ओढते आतल्या बाजूला, हाताकडे. तेव्हा त्वरणही आतल्याच बाजूला.

हे त्वरण किती, याचा हिशेब हॉलंडच्या हायगेन्सने १६५९ साली मांडला: चालीचा वर्ग, भागिले वर्तुळाची त्रिज्या. आणि १६८७ साली न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात चंद्रालाच गोफणीतला दगड केले! तेथे दोरी नाही, पृथ्वीचे आकर्षण आहे. गंमत पाहा, त्याच्या अवघी दोन वर्षे आधी, १६८५ साली, तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून पालखी सोहळा सुरू केला होता.

आता पुन्हा बेलवाडीला येऊ. समजा, रिंगणाची त्रिज्या २० मीटर आहे आणि अश्व सेकंदाला १० मीटर धावतो आहे. दहाचा वर्ग शंभर, भागिले वीस. त्वरण आले ५. गुरुत्वाचे त्वरण ९.८, म्हणजे हे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्तच. चाल तर तसूभरही बदललेली नाही! म्हणूनच धावता अश्व रिंगणात आतल्या अंगाला झुकतो. जमिनीला रेटूनच त्याला आत वळावे लागते.

हे पुस्तकी ज्ञान आहे, असे समजू नका. हंगामात उसाने उंच भरलेल्या ट्रॉल्या आपल्या वळणावळणांच्या रस्त्यांनी कारखान्याकडे जातात. सूत्रात चालीचा वर्ग आहे, हे विसरून चालणार नाही. ताशी १५ ऐवजी ३० ने वळण घेतले, तर वळवायला लागणारे बल दुप्पट नव्हे, चौपट होते. ४५ ने घेतले, तर नऊपट. चाके रस्त्याला धरून वळतात, पण वरचा उंच भार सरळच जाऊ पाहतो, आणि ट्रॉली वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलंडते. त्या बाजूला सायकलवरून शाळेला निघालेले एखादे पोर असू शकते. ‘मी काही जोरात नव्हतो’ असे चालक मागाहून म्हणतो. सरळ रस्त्याच्या मानाने ते खरेही असेल. वळणाचा हिशेब मात्र वेगळा. म्हणून चाल कमी करायची ती वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नव्हे.

गुरुजी, वर्गात व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना मैदानावर न्या. दोरीला चिंध्यांचा चेंडू बांधून फिरवा आणि सोडा. तो कुठे जाईल, हे मुलांना आधीच विचारा. बहुतेक मुले चुकतील. चुकू द्या, विद्वानही चुकले होते. मग चेंडू ज्या वाटेने गेला, ती रेघ मातीत आखून दाखवा.

आणि पुढच्या आषाढात बेलवाडीला गेलात, तर अश्वाच्या टापांबरोबर त्याचे आत झुकलेले अंगही पाहा. जे कळायला जगाला इतकी शतके लागली, ते तिथे डोळ्यांसमोर धावत असते.