हडसनचा ठराव : गवतावरची फवारणी कोणी ठरवायची?

कायदा आणि पर्यावरण यांचा इतिहास बघताना आपलं लक्ष मोठ्या गोष्टींकडे जातं. भोपाळ, चेर्नोबिल, मोठी धरणं. आज मात्र आपण एका अगदी छोट्या गावाचा आणि त्याच्या हिरवळीचा इतिहास बघणार आहोत. प्रश्न साधा आहे : केंद्र सरकारने परवानगी दिलेलं तणनाशक गावाने 'आमच्या हद्दीत नको' म्हटलं, तर चालतं का?

गाव आहे हडसन. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियलच्या पश्चिमेला. वस्ती पाच-साडेपाच हजारांची. तिथे घरापुढची हिरवळ एकसारखी, तणविरहित ठेवण्याची रीत होती. पिवळ्या फुलांचं डँडेलियन उगवलं की फवारणीवाल्या कंपनीची गाडी बोलवायची. याच गावात डॉ. जून आयर्विन या त्वचारोगतज्ज्ञ राहत होत्या. आपल्या रुग्णांच्या तक्रारींचा या रसायनांशी संबंध आहे, असं त्यांचं मत झालं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्या नगरपरिषदेच्या सभांना जाऊन, चिकाटीने, वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत राहिल्या. शेवटी १९९१ मध्ये परिषदेने उपविधी क्रमांक २७० मंजूर केला.

हा उपविधी नीट समजून घेऊ, कारण सगळा वाद त्याच्या रचनेवर आहे. त्याने सरसकट सगळी फवारणी थांबवली नाही. शेतीसाठी वेगळी तरतूद, पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाला सूट, घराच्या आतल्या वापराला सूट, माणसाला धोकादायक प्राणी किंवा ॲलर्जी करणारी झाडं असतील तर सूट. गोल्फच्या मैदानांना पाच वर्षांची मुदत. म्हणजे बंदी कशावर आली? फक्त दिसायला छान म्हणून होणाऱ्या फवारणीवर.

१९९२ मध्ये स्प्रेटेक आणि केमलॉन या दोन कंपन्यांवर उपविधी मोडल्याबद्दल खटले भरले गेले. कंपन्यांचं म्हणणं असं : आमची रसायनं केंद्राच्या कायद्याखाली नोंदलेली, आमच्याकडे प्रांताचा परवाना, मग हे गाव मधे कोण? युक्तिवाद वजनदार होता. रसायन तपासायला गावाकडे ना प्रयोगशाळा, ना तज्ज्ञ. प्रत्येक गावाने वेगळा नियम केला तर धंदा करायचा कसा? तरीही १९९३ मध्ये क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयात आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयात त्या हरल्या. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ जून २००१ रोजी सातही न्यायमूर्तींनी गावाच्या बाजूने कौल दिला.

आधार काय घेतला? क्वेबेकच्या नगर कायद्यात परिषदेला नागरिकांचं आरोग्य आणि सर्वसाधारण कल्याण यांसाठी उपविधी करण्याचा व्यापक अधिकार होता. मग विसंगतीचा मुद्दा. केंद्र म्हणतं 'हे रसायन विकता येईल', गाव म्हणतं 'इथे वापरू नका'. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येतात ना? येतात. केंद्राने 'वापरलंच पाहिजे' असं कुठे म्हटलं होतं?

आणि आता आपल्या दृष्टीने रंजक भाग. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती क्लेअर लरू-दुबे यांनी लिहिलं. सावधगिरीच्या तत्त्वाला, म्हणजे गंभीर हानीची शक्यता असेल तर पूर्ण पुराव्याची वाट बघत बसू नये या विचाराला, आधार देताना त्यांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल उद्धृत केले. एक १९९६ चा वेल्लोर नागरिक मंचाचा, तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दलचा. दुसरा १९९९ चा, आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. पालार नदीकाठचा लढा असा हडसनच्या हिरवळीपर्यंत पोचला!

पुढे काय झालं? क्वेबेकने २००३ मध्ये संहिता आणली. तिचा क्रम लक्षात घ्या : काही ठरावीक रसायनं आधी सार्वजनिक आणि नगरपालिकेच्या हिरवळीवर बंद, मग २००६ पासून खासगी हिरवळीवर. ऑंटारिओने २२ एप्रिल २००९ पासून प्रांतभर बंदी लागू केली. गंमत अशी, की त्या कायद्याने तिथल्या गावांचे याच विषयावरचे उपविधी निष्प्रभ झाले. बंदी जिंकली, पण गावांचा अधिकार मागे पडला.

दुसरी बाजूही बघायला हवी. क्वेबेकच्या यादीत २,४-डी हे तणनाशक होतं. डाऊ ॲग्रोसायन्सेस कंपनीने उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली दावा लावला. २०११ मध्ये तडजोड झाली. कंपनीला भरपाई मिळाली नाही, बंदी राहिली. पण लेबलवरच्या सूचना पाळल्या तर या उत्पादनांचा अस्वीकार्य धोका नाही, हे क्वेबेकने मान्य केलं. म्हणजे विज्ञानाचा प्रश्न हडसनने सोडवलाच नाही. हडसनने सोडवला तो अधिकाराचा प्रश्न : नुसत्या देखणेपणासाठी किती धोका पत्करायचा, हे तिथे राहणाऱ्यांना ठरवू द्यायचं का?

आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्यामागे १९५८ मधली केरळची दुर्घटना होती : पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरहून अधिक माणसं दगावली. या कायद्यात नोंदणी केंद्राकडे आहे, आणि राज्याला बंदी घालायची तर ती ठरावीक दिवसांपुरतीच घालता येते. गावाला फारसं स्थान नाही.

पण इथे एक फरक विसरू नये. दुसऱ्याच्या अंगणावर नियम लादायला कायद्याचा आधार लागतो. स्वतःच्या जमिनीवर 'आम्ही फवारणार नाही' म्हणायला तो लागत नाही. उद्यान, शाळेचं मैदान, रस्त्याचा दुभाजक ही महापालिकेचीच जागा. तिथे काय फवारायचं हे निविदेच्या अटींतच लिहिता येतं. मुलं त्याच गवतावर लोळतात आणि पंप पाठीवर घेऊन फवारणारा कामगार रोज तेच श्वासातून घेतो. त्या अटी कोण लिहितं, आणि सभेत त्याबद्दल कोणी विचारतं का? हडसनमध्ये वर्षानुवर्षं कोणीतरी विचारत होतं. तिथून पुढे हा इतिहास घडला.