गोव्यातील मुदतबाह्य खाणपट्ट्यांचे खटले

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणपट्ट्यांची कायदेशीर मुदत संपल्यानंतरही चालू राहिलेल्या उत्खननाविषयीचे खटले प्रामुख्याने २०१२ ते २०२२ या काळात सर्वोच्च न्यायालय व मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे चालले. पट्ट्याची मुदत नेमकी केव्हा संपली आणि त्यानंतर न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार कोणाला, हे दोन प्रश्न त्यांच्या मुळाशी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरविले आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या खाणकायद्यानुसार गोव्यात खाणींच्या सवलती कायमस्वरूपी दिल्या जात. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, खाणी व खनिजे (विकास व नियमन) अधिनियम, १९५७ गोव्याला लागू झाला. मात्र जुन्या सवलती तशाच राहिल्या. संसदेने १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्या संपुष्टात आणल्या व त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. खाणमालकांनी या कायद्याला आव्हान दिले. ते प्रलंबित असताना डिचोली, सत्तरी, सांगे, केपे व धारबांदोडा या तालुक्यांत खाणकाम चालू राहिले. खनिज मुख्यतः निर्यात होत असे.

केंद्र सरकारने २०१० मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानंतर राज्य सरकारने १० सप्टेंबर रोजी खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतुकीवर बंदी घातली.

दाद मागण्याचा अधिकार

१९५७ च्या अधिनियमातील कलम २२ नुसार या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालयाला केवळ सरकारने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येते. कलम ३० खाली राज्य सरकारच्या आदेशाविरुद्ध केंद्राकडे पुनरीक्षणासाठी अर्ज करता येतो. परंतु हा मार्ग मुख्यतः आदेशामुळे बाधित झालेल्यांसाठी आहे. संपलेल्या पट्ट्यावर काम चालू असताना पट्टेदाराला तक्रारीचे कारण नसते, आणि राज्याला स्वामित्वधन मिळत राहते. ज्यांच्या शेतात खाणमाती वाहून येते वा ज्यांच्या विहिरी आटतात, ते पट्ट्याच्या करारात पक्षकार नसतात.

ही उणीव जनहित याचिकेने भरून निघाली. एस. पी. गुप्ता विरुद्ध भारत सरकार (१९८१) या निकालाने सार्वजनिक हानीच्या प्रकरणी सद्भावनेने पुढे येणाऱ्या व्यक्तीस किंवा संस्थेस दाद मागण्याचा मार्ग मोकळा केला होता. गोवा फाउंडेशन या १९८६ मध्ये स्थापन झालेल्या पर्यावरणवादी संस्थेने २०१२ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मुदतीचा मुद्दा त्यामुळे पट्टेदार व सरकार यांच्यापुरता मर्यादित राहिला नाही.

२०१४ चा निकाल

न्यायमूर्ती ए. के. पटनाईक यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंतच होते आणि वीस वर्षांच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, असे न्यायालयाने म्हटले. नूतनीकरणाचा अर्ज निकाली निघेपर्यंत पट्टा आपोआप वाढतो, या नियमाचा आधार पट्टेदारांनी घेतला होता. हा नियम पहिल्या नूतनीकरणालाच लागू आहे. दुसऱ्यासाठी खनिज विकासाच्या हिताची कारणे नोंदवून निर्णय घ्यावा लागतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे २००७ नंतरचे उत्खनन बेकायदेशीर ठरले. बंदी उठवताना न्यायालयाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली व विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले.

दुसरे नूतनीकरण व २०१८ चा निकाल

मुद्रांक शुल्क भरलेल्या पट्टेदारांच्या याचिकांवर उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये नूतनीकरणाचे निर्देश दिले. राज्य सरकारने ५ नोव्हेंबर २०१४ ते १२ जानेवारी २०१५ या काळात ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. याच १२ जानेवारीला केंद्राने पट्ट्यांसाठी लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश काढला.

गोवा फाउंडेशनने या नूतनीकरणालाही आव्हान दिले. न्यायमूर्ती मदन लोकूर व दीपक गुप्ता यांनी ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्व ८८ नूतनीकरणे रद्द केली. सरकारने नवे पट्टे देणे आवश्यक होते, नूतनीकरण नव्हे. तसेच हा निर्णय अनावश्यक घाईने व केवळ महसुलासाठी घेतला गेला, असे न्यायालयाने म्हटले. तथापि, त्या वेळी लिलाव करण्याचे घटनात्मक बंधन राज्यावर नव्हते, असेही निकालात नमूद आहे. १६ मार्च २०१८ पासून खाणी बंद झाल्या. खाणकामगार, ट्रकमालक आणि बार्जमालक यांच्या उपजीविकेवर त्याचा थेट परिणाम झाला.

पट्टेदारांचे नंतरचे दावे

राज्य सरकार व वेदान्त कंपनीच्या पुनर्विलोकन याचिका २० जुलै २०२१ रोजी फेटाळल्या गेल्या. अशी याचिका तीस दिवसांत दाखल करावी लागते. या याचिकांना वीस महिन्यांहून अधिक विलंब झाला होता. पट्ट्यांची ५० वर्षांची मुदत १९८७ पासून मोजून ती २०३७ पर्यंत धरावी, हा युक्तिवादही सप्टेंबर २०२१ मध्ये अमान्य झाला. मे २०२२ मध्ये सरकारने पट्टेदारांना जागा रिकाम्या करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये फेटाळल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे पहिले लिलाव झाले.

महत्त्व

मुदत संपलेल्या पट्ट्याच्या धारकास न्यायालयात येण्यास मज्जाव नाही. परंतु नूतनीकरणावर त्याचा निहित हक्क नसतो, हे या खटल्यांतून स्पष्ट झाले. उलट, पट्ट्याशी कोणताही आर्थिक संबंध नसलेल्या संस्थेची याचिका ग्राह्य धरली गेल्याने, संपलेल्या पट्ट्यावरील उत्खनन हा सार्वजनिक हिताचा प्रश्न ठरला.