गीझे, तेरेझे
(६ मार्च १८९८–३ मार्च १९७५). थोर जर्मन नाट्य-चित्रपट अभिनेत्री. जन्म व मृत्यू म्यूनिक येथे. तेथीलच काम्मरश्पीले नाट्यगृहात १९२६ पासून त्यांनी नाव कमावले. जानेवारी १९३३ मध्ये एरिका व क्लाउस मान या भावंडांसह त्यांनी ‘डी फेफरम्यूले’ हे नाझीविरोधी कॅबरे सुरू केले. ज्यू असल्याने त्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला. झुरिकच्या रंगमंचावर १९४१ मध्ये बेर्टोल्ट ब्रेख्टची ‘मदर करेज’ त्यांनी जगात सर्वप्रथम उभी केली. युद्धाच्या ऐन धुमाळीत, निर्वासित नटीने साकारलेली युद्धात पोटची मुले गमावणारी ही आई म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचे शिखरच होय. फ्रीड्रिख ड्यूरेनमाटच्या ‘द व्हिजिट’मधील (१९५६) सूडाने पेटलेली वृद्धाही पहिल्यांदा त्यांनीच रंगवली. लुई मालच्या ‘लाकोंब, ल्यूसियें’ (१९७४) चित्रपटातील त्यांची अबोल आजी विशेष उल्लेखनीय.