ट्रॅक डे : रस्त्यावरच्या मोटारीची तयारी

परिवहन कार्यालयात नोंदलेली, रोज रस्त्यावर चालणारी मोटार मालकाने स्वतः बंदिस्त शर्यतमार्गावर नेऊन वेगात चालवायची, अशा आयोजित दिवसाला ट्रॅक डे म्हणतात. ही शर्यत नसते. विजेता काढत नाहीत. ओव्हरटेक ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यातच आणि पुढच्याने बाजू दिल्यावरच करायचा असतो. गाड्या पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी सोडतात. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा सुमारे २०.८ किमी लांबीचा जुना मार्ग १९२७ मध्ये खुला झाला, तेव्हापासून तो पैसे भरून कोणालाही चालवता येतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांवर ही हौस फोफावली. भारतातही मोटार शर्यती आधी चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे ३.७ किमीचा मार्ग १९९० मध्ये सुरू झाला. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे (२.१ किमी) २००३ चा, तर ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट (५.१ किमी) २०११ चा आहे.

महाराष्ट्र आणि धाराशिव

महाराष्ट्रात मोटार बनते भरपूर, ती मनासारखी पळवायला जागा मात्र कमी. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० पासून पोलो गाड्यांची चषक मालिका भरू लागली, पण तिच्या फेऱ्या झाल्या दक्षिणेत आणि पुढे नोएडात. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरते. ती सरळ रेषेतली धाव असते, वळण घेण्याचा प्रश्नच नाही. वळणांसाठी कोल्हापूर. हुपरी रस्त्यावरील मोहिते रेसिंग अकादमीचा मार्ग १.२ किमीचा आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. ब्रिटिश फॉर्म्युला ३ मालिकेत धावलेला कृष्णराज महाडिक याच शहराचा.

धाराशिव जिल्ह्यात शर्यतमार्ग नाही. शहराजवळ धावपट्टी आहे, ती विमानांची. त्यामुळे एमएच-२५ पासिंगच्या गाडीला कोल्हापूरचा मार्ग गाठावा लागतो: तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, असे रत्नागिरी–नागपूर महामार्गाने सुमारे ३०० किमी. हौशी माणसाकडे गाडी वाहून नेणारा ट्रेलर नसतो. गाडी स्वतःच्या चाकांवर जाते, दिवसभर तापते आणि त्याच चाकांवर रात्री परत येते. या जिल्ह्यातल्या गाडीच्या तयारीचे सगळे गणित या एका गोष्टीवर ठरते. जे बसवायचे ते परतीच्या प्रवासाला आड येता कामा नये, आणि जे बदलायचे ते दुसऱ्या दिवशी पूर्ववत करता आले पाहिजे. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न बहुधा पिकअप वाढवण्याचा निघतो, सायलेन्सरचा त्याच्या पाठोपाठ. दोन्ही खर्च पहिल्या वर्षी टाळावेत. गाडी ट्रॅकवर कमी पडते ती आधी थांबण्यात, मग थंड राहण्यात. ताकदीचा नंबर बराच मागून येतो.

ब्रेक

चालकासह १,२०० किलोची गाडी ताशी १५० किमीवरून ६० वर आणली की सुमारे ८७५ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेत माठातल्या पाण्याचा एक तृतीयांश लिटर उकळून पूर्ण वाफ होऊन जाईल. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखादा लागतो, ट्रॅकवर प्रत्येक फेरीत दोन-तीनदा. पुढच्या चाकांवर यातला बराच मोठा भार येतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढे झुकते.

बिघाड दोन तऱ्हेचा असतो आणि दोन्हींची ओळख पायाला पटते. पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला तर पायडल घट्टच राहते, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळले तर पायडल मऊ पडत थेट जमिनीला टेकते, कारण ऑइलची वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. दुसरा प्रकार जास्त घातक. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळावे असे प्रमाण आहे. हे ऑइल हवेतली ओल शोषते, आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश. दोन पावसाळे काढलेले ऑइल घेऊन कोल्हापूर गाठणे म्हणजे बाटलीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवून ७५ अंशांची सूट देणे. डॉट ५.१ चे प्रमाण याहून वरचे, अनुक्रमे २६० आणि १८० अंश आहे, आणि ते डॉट ४ च्या गाडीत चालते. नावात साम्य असलेले डॉट ५ सिलिकोनचे असते, ते या गाड्यांत चालत नाही.

ऑइल बदलताना जुने नुसते उपसून वरून नवे ओतणे पुरत नाही. कॅलिपरमधले, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या जागचे ऑइल जुनेच राहते. चारही चाकांचे निपल सोडून, हवेचा बुडबुडा न येता स्वच्छ रंग दिसेपर्यंत ते काढावे लागते. दोन माणसांचे काम आहे: एक पायडल दाबणार, दुसरा पाना फिरवणार. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. पातळ पॅडमधून उष्णता लवकर ऑइलपर्यंत पोचते. शर्यतीचे पॅड मात्र रस्त्याला उपयोगाचे नाहीत, थंड असताना ते धरत नाहीत आणि पहाटे सोलापूर नाक्यावर पहिला ब्रेक थंडच असतो. मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत आणि ते आधीच्या आठवड्यात वेग वाढवत, मध्ये थंड होऊ देत डिस्कवर बसवून घ्यावेत.

कोल्हापूरसारख्या छोट्या मार्गाचे एक वेगळे दुखणे आहे. वेग कमी राहतो म्हणून ब्रेकला आराम मिळेल असे वाटते, पण वळणे जवळजवळ असल्याने डिस्क थंड व्हायला सरळ पट्टाच मिळत नाही. म्हणून पाळी लहान ठेवावी आणि शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढावी. उभी करताना हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे लाकडी ठोकळा लावावा.

टायर आणि हवा

टायरच्या कडेवरचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते: टी म्हणजे ताशी १९०, एच २१०, व्ही २४० किमी. त्याहून महत्त्वाचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवणारा चार अंकी आकडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे जुने रबर कडक होते, नक्षी शिल्लक असली तरी पकड गेलेली असते.

हवेचा हिशेब करून ठेवावा. सकाळी ३० अंशांना भरलेली ३२ पौंड हवा टायरमध्ये ८० अंश झाल्यावर ३९ पौंडांच्या वर जाते. टायर फुगतो, मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि गाडी पुढून सरकू लागते. म्हणून पाळी संपताच, टायर गरम असतानाच, चारही चाके ३४-३५ वर आणतात. डावे-उजवे वेगवेगळे तापते, कारण मार्गावर एका बाजूची वळणे जास्त असतात. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढून ठेवली तर कितपत कड घासली जाते ते पुढच्या पाळीनंतर दिसते. रेघ बरीच खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, शाबूत राहिली तर जास्त. मोजायला स्वतःचे मीटर न्यावे, दोन पंपांवरची मीटरे क्वचितच एकमेकांशी जुळतात.

चाकांचे नट मालकाच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळून पहिल्या पाळीनंतर, चाक थंड झाल्यावर, पुन्हा तपासायचे. टायरवाल्याच्या हवेच्या गनने कसलेले नट कधी ढिले, कधी बोल्ट ताणेपर्यंत घट्ट असतात.

अलाइनमेंट व शॉकअप

वळणात गाडी बाहेर कलते आणि बाहेरचे पुढचे चाक खांद्यावर उभे राहते. त्यावर उपाय चाकाचा माथा थोडा आत झुकवण्याचा, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बरचा. स्विफ्टसारख्या गाडीत शॉकअप चाकाच्या नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्यातला एक काढून विकेंद्री बोल्ट घातला की अंश-सव्वा अंशाची सोय होते. दीड ते दोन अंश रस्त्यासाठीही चालून जातात, त्यापुढे ३०० किमीच्या महामार्गावर टायरची आतली कड झिजते. कॅम्बर हलवला की टो, म्हणजे वरून पाहता चाकांचे आत-बाहेर वळणे, बदलतोच, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याची पद्धत सरळ त्याज्य आहे.

इंजिन, उष्णता, इंधन

ऑइलची पातळी वरच्या खुणेवर ठेवावी. लांब वळणात ऑइल कडेला सरकते आणि पंपाला क्षणभर हवा लागते. गाडी सोलापूर रस्त्याने येताना रेडिएटरच्या जाळीत किडे आणि पाचोळा भरतो; ट्रॅक डेचा हंगाम हिवाळ्याचा, तोच ऊस वाहतुकीचा. जाळी मागून पुढे पाण्याने धुवावी, एअर फिल्टर झटकावा. ड्युअल क्लचच्या काही गाड्यांत क्लच कोरडे असतात, त्यांचा ताप ऑइल वाहून नेत नाही. अशा गाडीला पाळ्यांत जास्त अंतर द्यावे.

इंधनाच्या बाबतीत धाराशिवचा संबंध थेट आहे. कळंब तालुक्यासह या जिल्ह्याच्या ऊस पट्ट्यातील कारखाने इथेनॉल बनवतात आणि पंपावरच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलच असते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते, बाष्पीभवनाने सिलिंडरमधली हवा थोडी गारही होते, त्यामुळे तापलेल्या इंजिनात ठोका कमी येतो. उलट बाजूला लिटरमागे ऊर्जा साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्के कमी. ट्रॅकवर आधीच पेट्रोल भराभर जाते, त्यात ही भर. टाकी पावपेक्षा खाली गेली की वळणात पेट्रोल पंपापासून दूर सरते आणि इंजिन अडखळते. जुन्या गाडीचे रबरी पाइप मिश्रणाला न टिकणारे असतील तर ते आधी बदलावेत.

चालकाची व कायद्याची बाजू

दुचाकीच्या आयएसआय हेल्मेटवर अनेक जण निभावतात. मोटारीसाठीचे हेल्मेट आतून आगरोधक असते, तो फरक आग लागेपर्यंत कळत नाही. अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात पातळ तळाचे बूट. गाडीतून पायपुसणी, बाटल्या, स्टेपनी आणि डॅशबोर्डवरचा देव काढून ठेवायचा. टोइंगचा हुक लावून न्यायचा.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बनावटीत बदल करायला आड येते, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत गुन्हा ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. येडशी किंवा तुळजापूरच्या घाटात सराव करून येतो म्हणणाऱ्याला हे कलम वाचायला द्यावे. नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातूनच भरायचे, असे धरून चालावे.

परतीची तयारी

दुपारी गरम असताना ३४ वर आणलेली हवा संध्याकाळी टायर निवल्यावर २७ पौंडांवर येते. त्याच हवेवर मिरजेकडे निघाले तर टायरच्या भिंती दुमडत-उलगडत तापतात, म्हणून निघण्याआधी हवा पुन्हा ३२-३३ भरायची. पॅडची जाडी चाकाच्या फटीतून बॅटरीने बघायची, नट पुन्हा आवळायचे, ऑइलची काडी पुसून पातळी पाहायची. पायडल सकाळपेक्षा खोल जात असेल तर गाडी रात्री हलवू नये. कोल्हापुरातच मुक्काम करावा आणि सकाळी ब्रेकची हवा काढून मगच निघावे.