चिमणीचा वाटा आणि आत्याची गोफण

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, एका कर्जाचा अर्ज भरून झाला आणि उठता उठता मी विषय काढला, की उन्हाळा तोंडावर आलाय, तर प्रत्येकीनं परसात पाखरांसाठी पाण्याचं परळ आणि मूठभर दाणे ठेवायचे का? सगळ्या हो म्हणाल्या. एक आत्या तेवढ्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, जानेवारीत ह्याच हातांनी गोफण फिरवली मी. ज्वारी दुधात आली तेव्हा पहाटेपासून माळ्यावर बसून ओरडून ओरडून घसा बसला. आता त्याच पाखरांना घरी बोलावून जेवू घालू होय?"

बायका हसल्या. मला मात्र उत्तर सुचलं नाही. नंतर थोडं वाचलं, म्हाताऱ्या बायकांना विचारलं, आणि त्यातून हे आजचं बोलणं तयार झालं.

आधी आपल्या घरातलं बघू. माझी आजी पाखरांना मुद्दाम दाणे घालायची, असं मला आठवत नाही. तशी गरजच नव्हती. ती सकाळी अंगणात सूप घेऊन बसायची. पाखडताना फोल उडायचं, त्याबरोबर कणी, किडका दाणा, गवताचं बी उडायचं. ते टिपायला चिमण्या तिच्या पायापर्यंत यायच्या. खळ्यावर मळणी झाली की मातीत मिसळलेले दाणे उरायचे, ते पाखरांचेच. भाकरी थापताना पीठ सांडायचं. दाराच्या चौकटीला कणसांची जुडी टांगलेली असायची, ती मात्र मुद्दाम. पितृपाटात कावळ्याचा घास निघायचा, तोही मुद्दाम. बाकी सगळा चिमणीचा वाटा बायकांच्या कामातूनच सांडत होता, त्याला कुणी दान म्हणत नव्हतं. आणि राहायला कौलाखालची फट होतीच, नाहीतर भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू. देवाच्या फोटोमागून काडीकचरा पडतो म्हणून आजी चिडायची, पण पिल्लं उडेपर्यंत घरटं काढू द्यायची नाही.

मग मळणीयंत्र आलं. धान्य निवडून, पिशवीत भरून मिळू लागलं. कौलं गेली, स्लॅब पडला. ह्या सगळ्यानं बायकांचे कष्ट कमी झाले, हे चांगलंच झालं. सूप घेऊन उन्हात बसायची हौस कुणालाही नव्हती. पण सांडणं थांबलं, फट बुजली. म्हणून आता परळ ठेवायची आठवण करावी लागते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात, तो ह्याच आठवणीसाठी.

आता आत्यांच्या प्रश्नाकडे येते. पाखरू दाणा खातं हे खरं आहे. पण फक्त खाल्लेला दाणाच मोजला तर काय होतं, ते एका मोठ्या देशानं करून बघितलंय. चीनमध्ये १९५८ साली सरकारनं चार शत्रू ठरवले: उंदीर, माशा, डास आणि चिमण्या. चिमण्या का, तर त्या लोकांचं धान्य खातात. गावं, शहरं, शाळेतली पोरं, सगळे कामाला लागले. घरटी पाडली, अंडी फोडली. लोक ताटं, डबे, ढोल बडवत राहायचे, म्हणजे पाखराला कुठं टेकायलाच मिळू नये. उडून उडून दमलेल्या चिमण्या खाली पडायच्या. (तिकडची चिमणी आपल्या चिमणीची चुलत बहीण, तिच्या गालावर काळा ठिपका असतो.) ताटं बडवण्यात आपल्यासारख्या बायकाही असणार. त्यांनाही आत्यांसारखं आपलं धान्यच राखायचं होतं, त्यांना दोष कसा द्यायचा?

पण तिथल्या काही शास्त्रज्ञांनी मेलेल्या चिमण्यांची पोटं उघडून बघितली होती. झेंग झुओशिन हे त्यांच्यातले एक. त्या पोटांत दाणे होते तसे किडेही होते. चिमण्या कमी झाल्यावर पिकावरच्या किडीला खाणारं एक तोंड कमी झालं. शेवटी १९६० साली यादीतून चिमणीचं नाव काढलं आणि तिथे ढेकूण घातला. त्या वर्षांत चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला, असंख्य माणसं उपाशी मेली. त्याची कारणं पुष्कळ होती आणि बहुतेक सरकारी धोरणांची होती. सगळं खापर चिमणीच्या गोष्टीवर फोडू नये. पण तिचाही त्यात वाटा होता.

ह्यातलं आपल्या कामाचं एवढंच, की चिमणी स्वतः दाणा खाते, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला दाणा पचत नाही. त्याला पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. नर-मादी दोघं दिवसभर ते आणून भरवतात. म्हणजे आपण दाण्याचं ताट भरून ठेवलं आणि परसात किडाच शिल्लक ठेवला नाही, तर पिल्लं जगणार नाहीत. वांग्या-मिरचीच्या चार झाडांवर उगीच फवारा मारू नका, कुंपणाला थोडी झुडपं राहू द्या. दाण्यात ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी चालते. खारट फरसाण नको. आणि पेरणीचं औषध लावलेलं उरलेलं बियाणं तर कधीच नको, त्यानं पाखरं मरतात. परळ उथळ हवं, पाणी रोज बदलायचं, आणि मांजर दबा धरेल अशा जागी ते ठेवायचं नाही.

हे मी बैठकीत सांगितलं. आत्या म्हणाल्या, "पिल्लाला अळी लागते हे मला माहीत आहे की. घरटं माझ्याच घरात असायचं." मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "कुणी विचारलं होतं?"

तेव्हा मला जमाल आरा आठवल्या. पक्षी म्हटलं की सलीम अलींचं नाव आपण शाळेपासून ऐकतो. जमाल आरांचं नाव मी पदवी घेतली तरी ऐकलं नव्हतं. १९२३ साली बिहारमध्ये जन्मलेली ही बाई. शाळा दहावीपर्यंतच झाली. संसार मोडला, पदरात मुलगी होती. पण छोटा नागपूरच्या रानात बघितलेले पक्षी त्या वहीत टिपत राहिल्या. त्यातून त्यांचे लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले, आणि १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टनं मुलांसाठी त्यांचं पक्षी बघण्याचं पुस्तक काढलं.

आमच्या गटाकडे हिशेबाची एक जुनी वही अर्धी कोरी होती. ती आता ह्या कामाला घेतलीय. तारीख, वेळ, कोणतं पाखरू, काय करत होतं, एवढंच लिहायचं. नाव माहीत नसेल तर रंग लिहायचा. पहिली नोंद आत्यांनी सांगितली, मी लिहिली: सकाळी आठ, न्हाणीमागे चिमणी, चोचीत हिरवी अळी, तीन खेपा.

गोफण त्यांनी टाकलेली नाही. पुढच्या जानेवारीत माळ्यावर बसणारच, म्हणाल्या. फक्त वही सोबत नेणार आहेत.