दोन वर्षांचा ऋणानुबंध : धारवाडचे कर्नाटक कॉलेज

मराठी वाचकाला धारवाड हे नाव जी. ए. कुलकर्णी यांच्यामुळे, पेढ्यांमुळे आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गायकीमुळे ठाऊक असते. या गावातील एका महाविद्यालयाचा मात्र महाराष्ट्रात क्वचितच उल्लेख होतो. देशाचे एक सरन्यायाधीश, ज्ञानपीठाचे दोन मानकरी आणि 'आधार' योजनेचे शिल्पकार या सर्वांची नावे ज्या एका विद्यापरंपरेशी जोडलेली आहेत, ती परंपरा म्हणजे धारवाडचे कर्नाटक कॉलेज होय. यांपैकी दोघांचा या परंपरेशी आलेला संबंध शाळा आणि पदवी यांमधल्या काळापुरताच होता.

कर्नाटक कॉलेजची स्थापना १९१७ साली झाली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तेथील मुलांना मॅट्रिकनंतर पुणे किंवा मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे यांचेच उदाहरण घ्यावे. धारवाडला मॅट्रिक झालेल्या बेंद्र्यांना पदवीसाठी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जावे लागले आणि १९१८ साली ते तेथून बी.ए. झाले. पुण्यात चुलत्यांचा आधार होता म्हणून त्यांना हे साधले. ज्यांना असा आधार नव्हता, त्यांचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबत असे. आपल्या भागात महाविद्यालय हवे, ही मागणी धारवाडकरांनी लावून धरली ती यासाठीच. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय पूर्वी धारवाडला होते. १९०८ साली ही कंपनी मद्रास रेल्वेत विलीन झाल्यावर मुख्यालय मद्रासला गेले आणि रेल्वेची भव्य दगडी वास्तू पुढे महाविद्यालयाच्या कामी आली.

त्या काळच्या शिक्षणाची रचना समजून घेतल्याशिवाय या कॉलेजचे महत्त्व ध्यानात येत नाही. मुंबई विद्यापीठाचा बी.ए.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा होता. त्यातील पहिली दोन वर्षे संपली की 'इंटर'ची परीक्षा होई आणि तेथून वाटा फुटत. अनेक विद्यार्थी इंटरपर्यंत एका कॉलेजात आणि पुढे दुसऱ्या कॉलेजात शिकत. या दोन वर्षांचेच रूप पुढे बदलत गेले. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींनंतर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध देशभर रुजला. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली आणि 'ज्युनिअर कॉलेज' हा शब्द घरोघरी पोहोचला. कर्नाटकात याच टप्प्याला 'प्री-युनिव्हर्सिटी', म्हणजेच पदवीपूर्व महाविद्यालय म्हणतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ते 'पी.यू.सी.' असते.

या मधल्या टप्प्यापुरते धारवाडला आलेल्यांमध्ये सर्वांत मोठे नाव न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे आहे. त्यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्याचा. आडनावातले गजेंद्रगड हे गाव आज कर्नाटकाच्या गदग जिल्ह्यात आहे. साताऱ्याहून १९१८ साली मॅट्रिक झाल्यावर ते कर्नाटक कॉलेजात दाखल झाले. कॉलेज तेव्हा अवघे एक वर्षाचे होते. धारवाडची मुले पुण्याला जाण्याचा काळ नुकताच सरत होता आणि साताऱ्याचा मुलगा धारवाडला येत होता. १९२० साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि १९२४ साली एम.ए. झाले. १९२६ साली वकिलीस प्रारंभ, १९४५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद, १९५७ साली सर्वोच्च न्यायालय आणि फेब्रुवारी १९६४ ते मार्च १९६६ या काळात सरन्यायाधीशपद असा त्यांचा प्रवास झाला. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

धारवाडशी त्यांचा एक संबंध पुढे न्यायालयातही आला. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ साली धारवाड म्हैसूर राज्यात गेले. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखीव ठेवणारा या राज्याचा आदेश 'बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९६२ सालचा तो निकाल न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. आरक्षण साधारणतः पन्नास टक्क्यांच्या आत असावे, हे सूत्र त्यातच प्रथम मांडले गेले. १९९२ सालच्या मंडल खटल्यात या सूत्राला बळकटी मिळाली आणि २०२१ साली मराठा आरक्षणाचा कायदा रद्द ठरवतानाही न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. पी.यू.सी.नंतर कोणाला कोठे प्रवेश मिळावा, या प्रश्नावर देशाला दिशा देणारे न्यायाधीश स्वतः याच भागातील कॉलेजात दोन वर्षे शिकले होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

विनायक कृष्ण गोकाक यांचे नाते याहून दीर्घ होते. १९०९ साली सावनूर येथे जन्मलेले गोकाक कर्नाटक कॉलेजात शिकले. विद्यार्थिदशेतच ते बेंद्र्यांच्या 'गेळेयर गुंपु' या साहित्यिक मित्रमंडळात सामील झाले. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये अध्यापन करून पुढे ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्यात प्रथम श्रेणी मिळवणाऱ्या गोकाकांनी सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम या महाविद्यालयांचे प्राचार्यपद भूषवले आणि त्यानंतर स्वतःच्याच कॉलेजात प्राचार्य म्हणून ते परतले. शालेय शिक्षणात कन्नडला अग्रस्थान द्यावे, अशी शिफारस करणारा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीचा. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी झालेले आंदोलन 'गोकाक चळवळ' म्हणूनच ओळखले जाते. १९९० साठीचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले.

गोकाक प्राचार्य असतानाच्या काळात कॉलेजात शिकणारा एक विद्यार्थी पुढे ज्ञानपीठापर्यंत पोहोचला. गिरीश कार्नाड यांचा जन्म १९३८ साली माथेरानचा, मातृभाषा कोकणी, बालपण शिरसीचे. १९५८ साली ते कर्नाटक कॉलेजातून पदवीधर झाले, तेही गणित आणि संख्याशास्त्र घेऊन. परदेशी शिष्यवृत्तीसाठी उत्तम गुण हवेत आणि ते गणितात मिळतात, असा त्यामागे हिशेब होता. तो बरोबर ठरला. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते १९६० साली ऑक्सफर्डला गेले. 'ययाति' हे पहिले नाटक १९६१ साली प्रसिद्ध केले ते धारवाडच्याच मनोहर ग्रंथमालेने. विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलेले 'तुघलक' आणि 'उंबरठा' (१९८२) चित्रपटातील भूमिका यांमुळे मराठी रसिकांनी त्यांना आपलेच मानले. १९९८ साठीचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. २०१९ साली त्यांचे निधन झाले. ज्ञानपीठाच्या आठ कन्नड मानकऱ्यांपैकी दोघे या एका कॉलेजचे विद्यार्थी आहेत.

चौथे नाव नंदन निलेकणी यांचे. वडिलांची नोकरी बदलल्यामुळे बाराव्या वर्षी ते बंगळुरूहून धारवाडला चुलत्यांकडे राहावयास आले. सेंट जोसेफ हायस्कूल आणि त्यानंतर कर्नाटक पी.यू. कॉलेज अशी त्यांच्या शिक्षणाची नोंद आहे. १९७३ साली त्यांनी पवईच्या आय.आय.टी.त प्रवेश मिळवला. १९८१ साली इन्फोसिसच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता, तर २००९ ते २०१४ या काळात ते आधार प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. २०२३ साली त्यांनी आय.आय.टी. मुंबईला ३१५ कोटी रुपयांची देणगी दिली, तेव्हा त्यांच्या पवईच्या दिवसांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पवईच्या प्रवेशपरीक्षेपर्यंतची तयारी मात्र धारवाडला झाली होती.

यात नवल नाही. पदवी देणारी संस्था नावापुढे लागते, नोकरीच्या अर्जात आणि चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात येते. सोळा ते अठरा या वयातले कॉलेज एखाद्या ओळीत आटोपते. वास्तविक विज्ञान की वाङ्मय, गाव की शहर, घरची भाषा की ज्ञानाची भाषा हे प्रश्न याच वयात सोडवावे लागतात. आज अनेक घरांत ही दोन वर्षे प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांकडे सोपवली जातात आणि ज्युनिअर कॉलेज हजेरीपुरते उरते. धारवाडकरांनी १९१७ साली कॉलेज मिळवले ते हजेरीसाठी नव्हते. गावातल्या मुलाला परक्या शहरात आधार शोधावा न लागता पुढे शिकता यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्याच कॉलेजात साताऱ्याचा मुलगा आला आणि शिरसीत वाढलेलाही आला. प्रमाणपत्रांवरील नावे बदलली आणि विद्यापीठे व राज्येही बदलली, तरी या दोन वर्षांचे मोल कमी झालेले नाही.